माझा नारळ, गुरुजींची दस्ती

बातमी आली तेव्हा मी बेंबळीच्या शिवारात, एकाच्या रानात, तळहातावर नारळ आडवा ठेवून उभा होतो. मी पाणाडी आहे. बोअर कुठं पाडायचा, विहीर कुठं खोदायची, ती जागा दाखवतो. खाली पाणी असलं की हातावरचा आडवा नारळ उभा राहतो, अशी आमची विद्या. सगळे गप्प होऊन नारळाकडं बघत होते आणि तेवढ्यात माझ्या बंडीच्या खिशातला फोन वाजला. शेतमालक म्हणाला, "आबा, पाणीच फोन करतंय वाटतं." लोक हसले. मीही हसत हसत फोन कानाला लावला. पलीकडं नसरीन होती. आमच्या गावची लेक, आता उमरग्याला एका दवाखान्यात नर्स आहे. म्हणाली, "आबा, कुठंयत तुमी? आधी खाली बसा." मी म्हणलं, "म्या काय बसायचा न्हाय. बोल तू." मग म्हणाली, "आपले मठपती गुरुजी गेले..." सकाळी अंगणात खुर्चीवर पेपर वाचत बसले होते. घरच्या बाईंनी चहा आणून ठेवला, आत गेल्या, परत आल्या तर चहा तसाच, पेपर मांडीवर, आणि गुरुजी नाहीत. ना दुखणं ना खुपणं. मी नारळ मालकाच्या हातात दिला, म्हणलं, आज हा काय उभा राहत नाही. आणि बांधावरून चालायला लागलो.

त्याला आता काही आठवडे झाले. माझं शिक्षण तिसरीपर्यंत, तरी हे मी माझ्या हातानं लिहिलंय. नातसून म्हणाली शुद्धलेखन बघते, ते बघू दिलं. वाक्यं बदलू दिली नाहीत.

गुरुजी आमच्या गावात बदलून आले ते उमरग्याकडून. अगदी सीमेवरचं गाव त्यांचं, घरात कानडी आणि शाळेत मराठी. 'होय' म्हणायच्या ऐवजी चुकून 'हौदु' म्हणायचे आणि पोरं तेच उचलून घरी आयांना 'हौदु, हौदु' करायची. उंच, काटकुळे, खांद्यावर कायम निळ्या चौकटीची दस्ती. शहरातले रुमाल म्हणतात, आम्ही दस्ती. शाळेत फळा पुसायचं डस्टर कधी जागेवर सापडलं नाही, म्हणून त्याच दस्तीनं फळा, त्याच दस्तीनं घाम. बाराच्या उन्हात तोंड पुसलं की गुरुजींच्या गालावर खडूचे पांढरे पट्टे उठायचे आणि ते तसेच गावातून घरी जायचे. मी शाळेच्या समितीचा अध्यक्ष होतो. गावात माझ्याइतका रिकामा आणि माझ्याइतका मोठ्यानं बोलणारा दुसरा कुणी नव्हता, म्हणून मला केलं होतं. मला मात्र ते पद शोभतं असं माझं तेव्हाही मत होतं, आजही आहे.

तर ह्या गुरुजींचा वर्ग वर्गात कधी नसायचाच. कधी पिठाच्या गिरणीत, कधी लोहाराच्या भात्यापाशी, कधी ओढ्यात. एकदा पोरांपैकी कुणीतरी विचारलं, भाकरी का फुगते. झालं! आठवडाभर चौथीच्या पोरांनी गावातल्या बायांना भंडावून सोडलं. ऊन पाण्यात मळलेलं पीठ, गार पाण्यात मळलेलं पीठ, नवी ज्वारी, जुनी ज्वारी. पोरं पीठ मापायची, पाणी मापायची, भाकरीचा घेर दोऱ्यानं मोजायची, म्हाताऱ्यांना विचारायची की तुमच्या लहानपणी कुठली ज्वारी होती, आणि सगळं लिहून काढायची. माझ्या बायकोनं तर चुलीपुढून एका पोराला उलथनं दाखवून घालवलं. मी तावातावानं शाळेत गेलो. म्हणलं, "गुरुजी, भाकरी आमच्या बायका शिकवत्याल. तुमी पाढे शिकवा."

"पाढेच चाललेत की ओ, आबा," गुरुजी म्हणाले. "एका भाकरीला इतकं पाणी, तर घरच्या समद्या भाकरींना किती? हे पाढे न्हाईत तर काय कीर्तन हाय का? बसा. तुमी सांगा, भाकरी का फुगती?"

"पीठ चांगलं असलं की फुगती. त्यात काय."

गुरुजींनी लगेच फळ्यावर लिहिलं, 'आबांचं म्हणणं : पीठ चांगलं असलं की भाकरी फुगते.' फळ्यावर माझं नाव बघून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. राग विसरून मी घरी आलो. दुसऱ्या दिवशी सहज शाळेवरून गेलो तर माझ्या नावाच्या ओळीवर आडवी रेघ मारलेली! पोरांनी एकाच पिठाच्या दोन भाकरी करून घेतल्या होत्या. एक तशीच भाजली आणि एकीला तव्यावरच काडीनं टोचलं. टोचलेली फुगली नाही. पीठ तेच. मी विचारलं, "मग खरं उत्तर काय हाय?" तर गुरुजी खांदे उडवून म्हणाले, "मला काय म्हाईत? पोरं बघायलेत की." असला मास्तर मी जन्मात बघितला नव्हता. पगार घेतो आणि उत्तर सांगत नाही!

खरी लढाई पुढं झाली. त्या उन्हाळ्यात शाळेचा हातपंप आटला. गावाला टँकर यायचा, पण तो शाळेपर्यंत पोचायचा नाही. तहान लागली की पोरं पाणी प्यायला घरी जायची आणि गेलेली परत यायची नाहीत. दुपारनंतर वर्गात निम्मी पोरं. शेवटी ग्रामपंचायतीनं शाळेला बोअर मंजूर केला. एकच. कोरडा गेला तर दुसरा मिळणार नाही, असं सरपंचांनी आधीच सांगितलं. जागा दाखवायला अर्थातच मला बोलावलं. मी अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, नारळ घेऊन गेलो. अर्धं गाव जमलं होतं. पटांगणाच्या एका कोपऱ्यात नारळ असा ताडकन उभा राहिला की बायांनी हात जोडले. आणि तेवढ्यात चौथीतली एक दोन वेण्यांची पोरगी पुढं आली. हीच नसरीन. म्हणाली, "आबा, नारळाला कसं कळतं?"

मी म्हणलं, "त्याला कळतं."

"पण कसं?"

मी गुरुजींकडं बघितलं, की पोरीला गप्प करा. गुरुजी दस्तीनं गाल पुसत पोरांना विचारत होते, "नारळाला कळतं का आबाला कळतं, हे आपल्याला कसं कळंल?" पोरांत कुजबुज झाली आणि नसरीनच बोलली, "आबांचे डोळे बांधा. नारळाला कळत असंल तर नारळ तिथंच उभा ऱ्हाईल की."

सरपंच म्हणाले, अगं पोरी, मोठ्या माणसाशी असं बोलू नये. पण आता माघार कशी घेणार? अर्ध्या गावासमोर माझ्या नावाचा प्रश्न होता. वडिलांपासूनची विद्या. धाराशिवपासून तुळजापूरपर्यंत लोक जीप पाठवून मला नेतात. मी म्हणलं, "बांधा!" गुरुजींनी खांद्यावरची दस्ती काढली आणि माझ्या डोळ्यांवर बांधली. नाकात सगळा खडूचा वास. पोरांनी मला गोल फिरवलं, हाताला धरून पटांगणभर हिंडवलं. नारळ एकदा उभा राहिला. पुन्हा एकदा राहिला. कुणीतरी खोकलं. तिसऱ्यांदा असा जोरात उभा राहिला की मी ओरडलो, "इथं! इथं धो धो पाणी हाय!" आणि गर्दी जी हसायला लागली, ती थांबेचना. मी त्या आटलेल्या हातपंपाच्या ओट्यावर उभा होतो.

नारळ मी जिथं होतो तिथंच टाकला आणि डोळ्यांवरची दस्ती वर सारून तरातरा घरी आलो. दारात बायको म्हणाली, हे डोक्याला काय बांधलंय? तेव्हा कळलं की गुरुजींची दस्ती माझ्याकडंच राहिली.

पुढचे दिवस काय सांगू. चहाच्या टपरीवर बसलो की कुणीतरी म्हणायचं, "आबा, दस्ती आणली का?" विहिरीसाठी बोलवायला येणार होते ते पाव्हणे आले नाहीत. बोअरचं काम थांबलं, कारण सरपंचांना आता माझी जागा पटेना आणि दुसरी जागा दाखवायला कुणी पुढं येईना. मी शाळेकडं फिरकणं सोडलं. मी चुकलो असं मला वाटलं नव्हतं. डोळे बांधून भाकरी करायला लावली तर सुगरणीची बी करपंल, असं मी ज्याला त्याला सांगत होतो.

आणि एक दिवस सकाळीच गुरुजी सगळी चौथी घेऊन माझ्या ओसरीवर हजर! मला वाटलं, माफी मागायला आले. मी मुद्दाम तंबाखू मळत बसून राहिलो. माफी कसली? गुरुजी म्हणाले, "आबा, अभ्यास अर्धाच झालाय. चुकलं ते का चुकलं, ते कळलं. बरोबर आलेलं का बरोबर आलं, ते कळंना."

तर ह्या पोरांनी काय केलं होतं? मी आजवर शिवारात दाखवलेल्या सगळ्या जागा हिंडून बघितल्या होत्या. मालकांना विचारलं होतं, पाणी लागलं का नाही. शाळेच्या मागच्या भिंतीवर खडूनं अख्ख्या शिवाराचा नकाशा काढला होता, पाणी लागलं तिथं निळा ठिपका, कोरडं गेलं तिथं तांबडा. निळे जास्त होते. बरेच जास्त. तांबडेही होते. त्यातले काही मला ठाऊकच नव्हते, कारण बोअर कोरडा गेला की मालक माझ्याकडं तोंड घेऊन येत नाही, आणि मीही विचारायला जात नाही. एका तांबड्या ठिपक्याबद्दल मी म्हणलं, तिथं मालकानं पायातली चप्पल काढली नव्हती म्हणून पाणी गेलं. पोरांनी शांतपणे विचारलं, "आबा, निळ्या ठिपक्यांवाल्यांनी समद्यांनी काढली होती का?" ...आता हे कोण लक्षात ठेवतं?

मग नसरीन म्हणाली, "डोळे बांधल्यावर चुकलं आबा, म्हणजे जे काय हाय ते डोळ्यांत हाय. तुमी काय बघता?"

काय बघता! इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. लोक नारळाकडं बघायचे, मीही नारळाकडंच बघतो असं मला वाटायचं. गुरुजी म्हणाले, "तुमी टाकलेला नारळ शाळेत कपाटावर हाय, तिथंच ऱ्हाऊ द्या. मोकळ्या हातानं आमच्यासंगं शिवारात चला, आन् चालताना जे जे दिसंल ते मोठ्यानं बोला. बस." मोठ्यानं बोलायला मला कधीच अडचण आली नाही. मी निघालो. आणि चालता चालता मलाच नवल वाटायला लागलं. मी म्हणत होतो, तो उंबर बघा, कसा भर उन्हाळ्यात टवटवीत आहे. हे वारूळ. ही हरळी, भोवतालची वाळली आणि एवढीच पट्टी हिरवी. इथं काळी माती संपून मुरूम लागला. ह्या बाजूला उतार, वरच्या अंगाला ती जुनी विहीर, तिचं पाणी कधी तळाला जात नाही... पोरं मागून पळत होती, विचारत होती, खोडत होती. "आबा, ह्या वारुळाजवळचा बोअर तर कोरडा हाय!" मी म्हणायचो, हे वारूळ नवीन आहे. ती म्हणायची, नवीन कशावरून? मग भांडण. दोऱ्याला दगड बांधून पोरांनी विहिरींची पाण्याची पातळी मोजली, चिमटीत माती घेऊन वास घेतले, उताराची चित्रं काढली. ती पोरं तेव्हा गणित करत होती का भूगोल का मराठी, हे मी अध्यक्ष असून मला सांगता आलं नसतं. उन्हं चढली तशी सगळी एका बांधावरच्या सावलीला बसली आणि एका पोरानं शिदोरीतली भाकरी माझ्यापुढं धरली. म्हणाला, "आबा, फुगलेली हाय."

शेवटी शाळेजवळची जागा ठरली. पटांगणात नव्हे, मागच्या कुंपणापाशी, ओढ्याच्या अंगाला. मी बोट दाखवलं आणि पोरांच्या नकाशावरही तिथंच निळे ठिपके दाटीनं येत होते. बोअरची गाडी आली. त्या दिवशी मी काही खाल्लं नव्हतं, हे आज लिहितो. गाडी घरघरायला लागली आणि पांढरा धुरळा उडाला. धुरळा, धुरळा, नुसता धुरळा. सरपंच माझ्याकडं बघेनात. गर्दीतून एक जण म्हणाला, "आबा, दस्ती बांधून बघा एकदा." दुपार कलली, गाडीवाला म्हणाला, बंद करू का? सरपंचांनी हात वर केला होता. तेवढ्यात गुरुजी म्हणाले, "थांबा की. पोरांनी विहिरीच्या पातळीचा हिशेब केलाय, अजून थोडं खाली हाय म्हणतेत." पाईप आणखी खाली गेला. धुरळा ओला झाला, मग चिखल आला, आणि मग... पाण्याचा असा फवारा उडाला की सरपंचांची टोपी गेली. पोरं भिजली, मी भिजलो. दीड इंच पाणी लागलं. फार नव्हतं, पण शाळेला पुरून उरेल इतकं होतं. मी गुरुजींचे दोन्ही हात धरले, म्हणलं, "बघा! लागलं का न्हाय?"

गुरुजी चिखलातच उभे. म्हणाले, "लागलं हो. पण आबा, एका बोअरवरून काय सिद्ध होत न्हाय."

पाणी लागलं तरी समाधान नाही! मला इतका राग आला आणि इतकं हसू आलं की मी तिथंच दगडावर बसलो. बायांनी ओरडा केला, नारळ फोडा, नारळ फोडा! गुरुजींनी माझा तो नारळ कपाटावरून आणला, पण फोडू दिला नाही. म्हणाले, "ह्याची तपासणी अजून संपली न्हाय." मी म्हणलं, "मग तुमची दस्ती बी मिळायची न्हाय. तिची बी तपासणी चालूय."

तेव्हापासून हा आमचा करार. नारळ शाळेच्या कपाटावर, दस्ती माझ्या ट्रंकेत. पुढं मला बोलावणी परत यायला लागली. आजही मी नारळ घेऊनच जातो, लोकांना तो लागतो. पण आधी अख्ख्या रानाला एक फेरी मारतो आणि डोळे उघडे ठेवतो. आणि नारळाचं म्हणाल तर गुरुजींनी त्यातून नवाच अभ्यास काढला. दर महिन्याला पोरं तो किराणा दुकानातल्या काट्यावर तोलून आणायची. वजन कमी होत चाललं. आधी हलवला की आत चुबुक चुबुक वाजायचा, मग मुका झाला, मग खडखड वाजायला लागला. पाणी गेलं. पण कुठून? भोक नाही, तडा नाही. पोरं चौथी पास होऊन जायची आणि प्रश्न खालच्या वर्गाला देऊन जायची.

गुरुजी रिटायर होऊन उमरग्याला गेले तरी हुरड्याच्या दिवसांत यायचे. मागच्या हुरड्याला आले ती शेवटची भेट. कणसं भाजत होतो. आल्या आल्या म्हणाले, "माझी दस्ती?" मी म्हणलं, "माझा नारळ?" मग दोघं शाळेत जाऊन नारळ बघून आलो. गुरुजींनी तो कानाशी धरून हलवला. "आबा, पाणी कुठं गेलं?"

"उडालं आसंल."

"वाट कुठंय पण?"

मी म्हणलं, "आता तरी सांगा की ओ. तुमाला म्हाईत हाय."

ते हसले, हुरड्याचा घास तोंडात टाकला, म्हणाले, "मला काय म्हाईत?" हे बोलणं खरं का खोटं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांना उत्तरं ठाऊक असायची आणि ते लपवायचे, का खरंच ठाऊक नसायची...

त्या दिवशी बांधावरून निघालो तो आधी घरी गेलो, ट्रंकेतली दस्ती खिशात घातली आणि मिळेल त्या गाडीनं उमरग्याला पोचलो तेव्हा माती द्यायची तयारी झाली होती. त्यांच्यात माणसाला बसवून माती देतात. गुरुजी ताठ बसले होते, कपाळाला भस्म. मला तर वाटलं गालावरही खडूच लागलाय. समोर त्यांनी शिकवलेली पोरं, आता मोठाली बाया-माणसं झालेली, अशी ओळीनं उभी, की आता कुणीतरी हात वर करील. माझ्या खिशात दस्ती होती. येताना ठरवलं होतं, ज्याची त्याला देऊन मोकळं व्हायचं. नसरीन शेजारी उभी होती, तिनं खिशाकडं बघितलं. हात खिशात गेला... आणि तसाच राहिला. दस्ती दिली तर नारळ माझा झाला. माझा झाला तर फोडायला पाहिजे. फोडला की संपलं. मी दस्ती परत आणली.

नंतर घरी भेटायला गेलो तेव्हा गुरुजींच्या घरच्यांना विचारलंच, "वहिनी, खरं सांगा, त्यांना म्हाईत असायचं का नसायचं?" वहिनी रडता रडता हसल्या. म्हणाल्या, "मला काय विचारता आबा? जन्मभर विचारलं, आमटीत मीठ जास्त झालंय का. एकदा तरी सरळ बोलले असतील तर शपथ. म्हणायचे, तुला काय वाटतं?"

परवा शाळेत गेलो होतो. आता नवीन बाई आहेत. कपाट आवरताना हा वाळका नारळ टाकून देणार होत्या, पोरांनी टाकू दिला नाही. मी पोरांना सगळी हकिकत सांगितली आणि दस्ती दाखवली. म्हणलं, अजून हिला गुरुजींच्या खडूचा वास येतो. एक पोरगी म्हणाली, "किती वर्षं झाली?" मी म्हणलं, लई. "धुतली का?" म्हणलं, सून धुते. "मग वास कसा ऱ्हाईल?" मी म्हणलं, येतो म्हणजे येतो. मला येतो.

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. ते बघणं मी ओळखतो. बाई काही बोलायच्या आत पोरं पळाली आणि ज्याच्या त्याच्या दप्तरातून, घरातून, दस्त्या गोळा करून आणल्या. गुरुजींची दस्ती त्यांत मिसळली. त्या पोरीनं स्वतःची ओढणी माझ्या डोळ्यांवर बांधली, गाठ घट्ट आहे ना ते दोनदा तपासलं आणि मला गुरुजींच्या खुर्चीत बसवलं. अर्ध्या गावासमोर एकदा फजिती झालेला माणूस मी. तरी म्हणलं, "आणा." एकेक दस्ती नाकाशी यायला लागली. घामाची, तेलाची, साबणाची... सगळा वर्ग खुर्चीभोवती गोळा झालेला.

मी गुरुजींची दस्ती ओळखली का नाही, ते इथं लिहिणार नाही. ज्याला जाणून घ्यायचंय त्यानं शाळेत यावं आणि पोरांना विचारावं. आणि ती पोरं म्हणाली, "तुमाला काय वाटतं?" तर माझ्याकडं तक्रार घेऊन येऊ नये.